उपरण्याचं टोक

माझ्या बायकोच्या मामांइतकं कमी ऐकलेला माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत सापडायचा नाही, आणि त्यांचे कान मात्र शेवटपर्यंत ठणठणीत होते. दोन शेतांपलीकडे मेंढरू शिंकलं तरी कोणतं ते ते सांगत. अडचण फक्त माणसांची होती. समोरच्याचं वाक्य निम्म्यावर आलं की उरलेलं निम्मं मामा स्वतः पुरं करत, आणि ते बहुतेक वेळा चूक असे. मी कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर बसणारा माणूस. अर्धी बेरीज पाहून उत्तर लिहिणाऱ्याला मी पेन देत नाही. पण मामा जिवाचे इतके चांगले, की रागवायचं कसं?

एकदा मंचरला कंडक्टर त्यांना सांगू लागला, "बाबा, डिंभ्याला ही गाडी—" "जाती! ठाऊक हाय मला," म्हणून मामा चढून बसलेसुद्धा. गाडी घोडेगावपर्यंतच होती. तिथून ते भर उन्हात चालत डिंभ्याच्या लग्नाला पोचले, तेव्हा जेवणाच्या पंगती उठल्या होत्या. पुढे वर्षभर ते एसटीच्या नावानं बोटं मोडत होते. आमची मुलगी झाली तेव्हा मी मामांच्या गावी, निमगावला, दुकानातल्या फोनवर त्यांना बोलावून घेतलं. "मामा, तुमच्या भाचीला—" एवढं म्हणतोय तोच, "मुलगा झाला! कळलं!" आणि फोन खाली. संध्याकाळपर्यंत गावभर पेढे वाटून झाले. खरं कळल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच उत्साहानं बर्फी वाटली. "दोन डाव तोंड ग्वाड झालं गावाचं, बिघडलं काय?"

देवालाही त्यांनी सोडलं नव्हतं. त्यांच्या शेताच्या वर टेकाडावर बिरोबाचं ठाणं आहे. मोठं काम काढायचं तर तिथं कौल लावायची त्यांच्या घराण्याची रीत. देवाच्या तांदळ्याला, म्हणजे त्या बिनघडीव दगडाला, उजवी-डावीकडं ओली फुलं चिकटवायची, मनातलं विचारायचं आणि गप्प बसायचं. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. यातलं गप्प बसणं मामांना कधी जमलं नाही. ते देवाला पावसापाण्याची खबर देत, भावकीच्या तक्रारी सांगत, आणि मग फुलं जागच्या जागी असतानाच उठत. "उजवंच पडणार. त्याला काय टाइम घालवायचा!"

त्या साली त्यांच्या मनात मेंढ्या विकून विहिरीवर नवी मोटर बसवायचं आलं. सगळा कळप मामींच्या आईनं आंदण दिलेल्या दोन मेंढ्यांपासून वाढलेला. मामा कौल लावून नेहमीसारखे उठले, पाठोपाठ त्यांच्याकडं आलेले आम्हीही उठलो. मामी एकट्याच मागं राहिल्या. टेकाड उतरताना त्यांनी मामांना गाठलं आणि म्हणाल्या, "अवो, मी म्हंते—"

"च्या ठेवते म्हंतीस न्हवं? ठेव की."

घरी गेल्यावर, जेवताना, दुसऱ्या दिवशी, मामी सुरुवात करत आणि मामा शेवट करत. व्यापाऱ्यानं इसार दिला. त्यानंतर मामी बोलायच्याच बंद झाल्या. भाकरी वाढायच्या, पाणी द्यायच्या, तोंडातून शब्द नाही. पुरी करायला वाक्यच मिळेना, तेव्हा मामा कासावीस झाले आणि मला बोलावून घेतलं. "पावणं, तुमी इचारा तिला."

मी म्हटलं, "मी विचारणार नाही. तुम्हीच ऐका. मामी थांबेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

मामांनी उपरण्याचं टोक दातांत धरलं आणि मामींसमोर मांडी घातली. मामींनी त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं. मग आईची आठवण निघाली, मेंढरांचे वाडे घेऊन कोकणात उतरल्याची निघाली, कुठली मेंढी कुठल्या मेंढीची ते निघालं. मामांचे गाल फुगत, उपरणं हलत होतं, पण सुटलं नाही. मामी थांबल्या तसं मामांनी टोक काढून विचारलं, "संपलं का?"

"न्हाई," मामी म्हणाल्या. मामांनी घाईनं टोक परत तोंडात घातलं. "फूल डावं पडलं व्हतं. तुमी गेल्यावं. मी बगितलं."

मामांनी दातांतलं टोक सोडलं. "म्हंजी त्यो बोलला व्हता," ते म्हणाले, "आन् तूबी."

सकाळी टेम्पो घेऊन व्यापारी आला. मामांनी त्याला इसार परत दिला, वर टेम्पोचं भाडंही दिलं, आणि त्याच्या शिव्या मधे न बोलता पूर्ण ऐकून घेतल्या. त्या दिवसापासून कुणीही काही सांगितलं, की उत्तराआधी "संपलं का, राव?" हा प्रश्न ठरलेला. मधे न बोलण्याची सवय जडायला मात्र वर्षं गेली. तोवर उपरण्याची टोकं कुरतडल्यासारखी झाली. दर रविवारी ते टेकाडावर जाऊन बसत. फुलं नाहीत, कौल नाही. मी एकदा विचारलं, "मामा, देवाला काय मागता?"

"काय न्हाई. आजवर माजंच ऐकवलं त्याला. त्याचं ऱ्हायलंय."

मामी वारल्या त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी निमगावला गेलो होतो. मामा वर टेकाडावरच बसले होते. खाली चार-सहा मेंढ्या चरत होत्या, त्यांच्या गळ्यातली घंटी अधूनमधून वाजत होती. मी म्हटलं, "मामा, चला आता. माझी एसटी—"

ते वाट पाहत राहिले. माझं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीच केलं: "माझी एसटी यायची वेळ झाली."

"संपलं का तुमचं, पावणं?"

"संपलं."

"मग व्हा तुमी म्होरं," ते हळूच म्हणाले. "तिचं अजून संपलं न्हाई."

आणि त्यांनी उपरण्याचं टोक दातांत धरलं.