कापसाच्या खोलीतलं बोलणं

जयवंताबाई जैनथजवळच्या एका गावात अंगणवाडी चालवतात. माणसाला बोलतं करावं तर त्यांनीच! समोरचा भेदरलेला दिसला की बाई खाट सोडून भुईवर बसतात, पाय लांब सोडतात, दोन्ही तळवे उघडे करून मांडीवर ठेवतात आणि गप्प राहतात. मराठी न येणाऱ्या गोंड बायासुद्धा त्यांच्यापुढे मन मोकळं करतात. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही, बाईंचा स्वभावच तसा.

अमृतरावांना त्या दरसाल राखी बांधत. कापूस पिकवणारा सवर्ण शेतकरी बौद्धवाड्यातल्या मानलेल्या बहिणीकडे जेवून जातो, याचं गावात केवढं कौतुक! यंदा अमृतरावांची लेक नेहा बासरच्या कॉलेजातून दिवाळीला आली ती तोंड शिवूनच. चांगलं स्थळ आलं होतं, पण पोरगी हो म्हणेना आणि कारणही सांगेना. अमृतराव डोळ्यांत पाणी आणून बाईंना म्हणाले, "ताई, फक्त कारण समजू द्या. तिच्या मनाविरुद्ध मी काई करत नाई."

कापसाच्या खोलीत बसा, तिथं कोणी येत नाही, मी वावरात जातो, असंही त्यांनीच सुचवलं. खोलीत वेचलेल्या कापसाचा पुरुषभर ढीग होता. बाई त्याच्या पुढ्यात आपल्या रीतीनं बसल्या. नेहा त्या उघड्या तळव्यांकडे बघत जवळ सरकली आणि सगळं सांगून मोकळी झाली. बौद्धवाड्यातला संघपाल मास्तर, लग्न करीन तर त्याच्याशीच. बाईंना आतून काय आनंद झाला म्हणता!

तेवढ्यात ढिगामागून अमृतराव उठले, केसांना, मिशांना कापूस चिकटलेला. मेला वावरात गेलाच नव्हता! त्यांनी पोरीचा मोबाइल हिसकावून घेतला. बाईंनी त्यांना त्यांच्याच शब्दाची आठवण करून दिली, तर म्हणाले, "राखी येगळी ताई, सोयरीक येगळी."

बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. पाखरू धरायला दाणे टाकावेत तसं या भावानं त्यांना पुढं बसवलं होतं.

पंधरवड्यात त्याच स्थळाची हळद लागली. हळद लावून घ्यायला नेहानं सगळ्या बायकांपुढे हात केले. जयवंताबाई हळद घेऊन पुढ्यात बसल्या तशा तिनं मुठी आवळून पदराखाली घेतल्या.

"आत्या, बाबा मागं हायेत हे तुमाले ठाऊक होतं?"

"नव्हतं, माय. लेकरांची आन."

नेहानं मान हलवली. "खरं असंल. पण आता कोणी तसं तळवे उघडून समोर बसलं का मले भेव वाटते."