चप्पल बाहेर काढ

"बाय, चप्पल बाहेर काढ," हे जमनीनं मला ऐकवलेलं पहिलं वाक्य. बाहेर म्हणजे कुठे? आम्ही दोघी आधीच रस्त्यावर होतो.

डहाणू रोडला माझं शिवणकामाचं दुकान आहे. समोर एक बंद गोदाम. तलासरीकडच्या पाड्यातलं झोपडं पडल्यापासून जमनी आणि तिचा नवरा लखमा त्या गोदामाच्या पत्र्याखाली राहायचे. वीटभट्टीवरून आणलेल्या विटांची तिनं जमिनीवर चौकट मांडली होती, दाराएवढी फट सोडून. आत शेणानं सारवलेलं, कोपऱ्यात चूल. मी तिचं शिवलेलं पोलकं द्यायला गेले होते. निमूट चप्पल काढली.

सगळा बाजार त्या विटांची मर्यादा पाळायचा. भाजीवाल्या फटीतूनच आत जायच्या. कुत्रं शिरलं तर चहावाला हाकलायचा. मला या सगळ्याचं भारी कौतुक.

लखमा ताडी पिऊन तिला मारायचा. मग सुजलेला डोळा घेऊन ती माझ्या पायरीवर बसायची.

"बाय, त्यानं मना घरातून काढली."

"अगं, कुठलं घर? चार विटा ओलांडून आलीस!"

"घरच ना. मीच सारवलाय."

माझं डोकं फिरायचं. सोड त्याला म्हटलं, की म्हणायची, "घर टाकून कसा जायचा?" आणि संध्याकाळी त्याच्यासाठीच भाकऱ्या थापत बसलेली. पालथ्या घड्यावर पाणी! एकदा तर मी चिडून आठवडाभर अबोला धरला. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

ओठ फुटला तेव्हा कुठे तक्रारीला तयार झाली. मी तिला एका कचेरीत नेलं. तिथल्या साहेबांनी पत्त्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. जमनीनं सांगितलं, "गोदामाच्या पत्र्याखाली, विटांच्या आत." साहेब हसले. "बाई, घरातली मारहाण म्हणायची तर आधी घर नको का? राहत्या जागेचा कागद आणा." मी इतकी भांडले की शेजारच्या खोलीतली माणसं बघायला आली. काही उपयोग झाला नाही. परत येताना जमनीच माझी समजूत काढत होती, "जाऊ दे बाय. त्याला आपला घर दिसला नाय."

तो राग मी चहावाल्यावर काढला. रोज बघता, मध्ये का पडत नाही? तो म्हणाला, "नवरा-बायकोच्या घरात आपण कसं शिरायचं, ताई?" म्हणजे तक्रार करायला तिला घर नव्हतं, मार खायला मात्र होतं. या माणसांपुढे कपाळ किती वेळा बडवून घ्यायचं?

मग एका दुपारी ओरडा ऐकू आला. लखमानं चौकटीतलीच वीट उचलली होती. मी मशीन सोडून धावले, फटीपाशी पोचले आणि खाली वाकले. चपलेच्या पट्ट्याचं बक्कल निघेना. "बाय, आत ये!" जमनी किंचाळली. मी बक्कलाशी झटापट करत असतानाच वीट तिच्या मनगटावर बसली. मग मी तशीच आत घुसले. माझ्यामागून चहावाला आला आणि त्यानं लखमाला धरलं.

हाताला प्लास्टर घातल्यावर तिचा भाऊ तलासरीहून न्यायला आला. जाण्याआधी तिनं एका हातानं सगळ्या विटा उचलून भिंतीशी रचल्या. मी मदतीला गेले तर नको म्हणाली. उशीर झाला गं माझ्याकडून, असं कसंबसं बोलले. ती रागावली नाही. रिक्षात बसताना तिनं माझ्या पायांकडे पाहिलं आणि अगदी मनापासून विचारलं, "बाय, तू तवा चप्पल कशाला काढत होतीस?"