सलीमभाईचा कान

नंदुरबारात कुणी घरी भारी साउंड सिस्टिम आणली की गाणी कुठल्या ॲपवर ऐकायची, हे सलीमभाई ठरवणार. ॲम्प्लिफायर दुरुस्तीत त्याची तीस वर्षं गेली. माझं झेरॉक्सचं दुकान त्याच्या दुकानाला लागूनच, त्यामुळे त्याच्या कानाची कीर्ती मीच गावभर फुकटात पसरवली. मला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नाही. 'स्टुडिओसारखा आवाज' अशी जाहिरात वाचली की माझं डोकंच फिरतं. स्टुडिओ पाहिलाय कुणी?

सलीमभाईची पद्धत मात्र चोख. ब्लूटूथ नको, वायरच हवी. मोठा आवाज कुणालाही चांगला वाटतो, म्हणून आधी गाण्यांच्या तीन ॲपांचा आवाज मोजून एकसारखा करायचा. मग एकाच जुन्या गझलेची एकच ओळ तिन्हींवर. गिऱ्हाइकाची सिस्टिम आधी दोन दिवस सलीमभाईच्या घरी यायची. हा खुर्चीत डोळे मिटून बसायचा, आणि बायको नईमा फोन घेऊन स्वयंपाकघराच्या पडद्याआड. ती न सांगता ॲप बदलायची. हा म्हणायचा, "दोन नंबर." आतून नईमा, "बरोबर!" दहापैकी दहा. सहा-सात वर्षं हे चाललं, मी स्वतः ऐकलंय.

नईमाला जाऊन आठ महिने झाले. ताप आला, सुरतला नेलं, चौथ्या दिवशी परत आणलं ते कफनातच. सलीमभाई रडला नाही. वाढलं तर जेवायचा, विचारलं तर बोलायचा. चहावर साय धरली तरी तसाच प्यायचा. लोक म्हणाले, सावरला. डोंबलाचा सावरला! मी शेजारी बसतो, मला दिसत होतं. आत काहीच पोचत नव्हतं त्याच्या.

अशात मिरचीचे व्यापारी नवनीतशेठ यांचं बोलावणं आलं. सलीमभाईच्या घरी आता फोन धरायला कुणी नाही, म्हणून आम्ही दोघंच शेठच्या बंगल्यावर गेलो. ॲप बदलायला मी त्याच्या पाठीमागे बसलो.

"एक नंबर," सलीमभाई म्हणाला.

तीन होतं. मी तसं सांगितलं. पुढचंही चुकलं, त्याच्या पुढचंही. दहापैकी जेमतेम चार जमले, तेही नशिबाने.

"मंग कोनतं लेऊ, भाई?" शेठने विचारलं.

"माले तिन्ही सारखाच वाटतस," सलीमभाई म्हणाला आणि वायर गुंडाळू लागला.

बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "मन्हा कान गयात." उद्या पाणी येणार नाही, असं सांगावं तितक्या थंडपणे. बायको गेली, आता कानही गेले तर या माणसाकडे उरलं काय? दुसऱ्या दिवशी मी त्याला ओढून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. बंद खोलीत बसवून त्यांनी बराच वेळ तपासलं आणि म्हणाले, "वयाच्या मानाने कान उत्तम आहेत." मी हरखलो. सलीमभाईने रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली, बस.

म्हणजे हे दुःखामुळे झालं, असं मी धरून चाललो. शुक्रवारी त्याची मुलगी अर्शिया सासरहून, म्हसावदहून आली, तेव्हा मी बापाच्या देखतच तिला म्हणालो, "तुन्ही अम्मी गयी, नि यान्हा कानबी लई गयी."

अर्शियाने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "काका, अब्बाना कान पहिलापासून आसाच शेतस."

"म्हंजे?"

"मन्हं लगीन व्हवाना पहिले मी अम्मीजोडे पडदाआड बसू. निम्म्या येळा अब्बानं चुके. अम्मी तरी 'बरोबर'च म्हने. माले दटाडे, सांगू नको म्हने. बरोबर म्हनं की ते कितला खुश व्हतस, म्हने."

मला हसू येणार होतं, पण सलीमभाईकडे पाहिलं आणि आवरलं. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या तोंडावर काहीतरी दिसलं, आणि तो राग होता.

"बठ्ठा गावले मी सांगत फिरनू!" तो ओरडला. "तिनी माले कसाले नही सांगं?"

"अब्बा, तुमले वाईट वाटतं म्हनीसन..."

"तू नको बोलू. माले तिनासंगे भांडनं शे."

तो तरातरा उठला, दोन पावलं गेला आणि मध्येच थांबला. मग लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडायला लागला. "माले तिनासंगे भांडनं शे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. अर्शियाने त्याला धरलं. भांडायला नईमा कुठून आणायची, हे आम्हा दोघांनाही कळेना.