गोल टेबलावरचा भासरा

कोण कोणाच्या शेजारी का बसतं, याचा आमच्या जिजाजींइतका खोल अभ्यास अख्ख्या सौंसर तहसिलीत कोणी केला नसेल. अन् तोही अशा माणसांचा, जी कधी जन्मालाच आली नाहीत!

त्याचं असं झालं, की भाचीला वकिलीच्या कॉलेजात जायचं होतं. गेल्या वर्षी प्रवेश परीक्षेत ती थोडक्यात हुकली, अन् हुकली ती कोड्यांमध्ये. सहा जण गोल टेबलाभोवती बसलेत, 'अ' हा 'ब'च्या शेजारी नाही, तर 'क'च्या समोर कोण? असली ती कोडी. ताईने फर्मान काढलं, "यंदा नाही झालं तर पाहुणे बोलावून राहिली मी. पोरगी दाखवू अन् मोकळे होऊ." भाची रडकुंडीला आली. जिजाजी नुकतेच मास्तरकीतून रिटायर झाले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि पुस्तक स्वतःच्या मांडीवर घेतलं.

पहिल्याच पानावर घोडं अडलं. "अ हा ब च्या शेजारी काऊन नाही बसत?"

"बाबा, तसा नियमच दिलाय."

"अवं, पण कारण असंन ना काही! शेताच्या धुऱ्यावरून भांडण झालं का?"

कारण कळल्याशिवाय हे गृहस्थ पुढे सरकतील तर शपथ. मग साऱ्या अक्षरांची बारशी झाली. अ झाला मोठा भाऊ, ब झाला त्याचा साडू, ड झाली धाकट्याची बायको. एकदा मी पांढुर्ण्याला दुकानात गिऱ्हाइकापुढे लुगडी उलगडत होतो, तर यांचा फोन. "सांग बरं भाऊ, दोघा साडूंचं बगिच्याच्या पाण्यावरून फाटलं, आता मध्ये कोणाले बसवू?" मी घाबरून विचारलं, "कोणाचं फाटलं, जिजाजी?" तर म्हणाले, "अरे, चौथ्या पानावरचे!"

पण खरी पंचाईत मी सौंसरला गेलो त्या दिवशी झाली. भाचीने कोडं सोडवलं, ड ही अ च्या बरोबर समोर. जिजाजींनी त्यावर लाल काट मारली. "धाकट्याची बायको भासऱ्यासमोर बसन? नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर? असं आपल्यात होतच नाही!" पुस्तकाच्या मागे उत्तर पाहिलं, तर तेच. "छपाईची चूक हाय," जिजाजी म्हणाले. मी पोट धरून हसलो, भाचीने कपाळावर हात मारला. एवढ्यात ताई आतून म्हणाली, "असंच शिकवा. पाहुणे पाहून राहिले वाट." जिजाजींचा चेहराच उतरला. त्यांनी पुस्तक पुन्हा मांडीवर ओढलं आणि ते पोरीला म्हणाले, "बरं, बसू दे तिले समोर. पण पदर घेऊन बसली, असं समज."

भाची सांगते, परीक्षेत तिला एकही नियम दुसऱ्यांदा वाचावा लागला नाही. तिथेही तिने साऱ्यांची नाती लावून टाकली, अन् कोणाचं कोणाशी पटत नाही ते एकदा कळलं की विसरतं थोडंच! निवड झाली. पोरगी गाडीने दोन दिवस लागतात इतक्या दूर शिकायला गेली.

मागच्या महिन्यात गेलो, तर जिजाजी कोड्यांचं नवं पुस्तक घेऊन बसलेले. मी म्हटलं, "आता कायले?"

"रविवारी फोन करते ना ती. म्हणते, बाबा, हे एक अडलं. आता भाऊ, वकिलीच्या कॉलेजात कोडी असतात का? घरची आठवण आली का तिचं कोडं अडते. मले काय समजत नाही?"

"मग तुम्ही काय करता?"

"मी बी दोन-तीनदा चुकतो," जिजाजी पान उलटत म्हणाले. "लवकर सुटलं तर ठेवून देते ना फोन."