तीस फुटांची साखळी

श्टुटगार्टच्या विमानतळावर जावईबापू मला न्यायला आले, तेव्हा त्यांच्या नाकावर पट्टी होती आणि डावा कान सोललेला होता. मी त्यांच्याबरोबर आलेल्या मुक्ताकडे पाहिलं. मुलीच्या संसाराबद्दल बापाच्या मनात जे जे येऊ नये, ते सगळं त्या अर्ध्या मिनिटात येऊन गेलं.

"काही नाही बाबा, शनिवारी मॅच होती," सौरभराव म्हणाले आणि साताऱ्याहून आणलेली माझी जड बॅग एका हाताने उचलून त्यांनी गाडीत टाकली.

झिंडेलफिंगेन हे गाव मोटारींचं. निम्मं गाव कारखान्यात काम करतं आणि उरलेलं निम्मं तिथूनच निवृत्त झालेलं आहे, असा माझा पहिल्या आठवड्याचा हिशेब होता. सौरभराव तिथे इंजिनिअर. उंची सहा फूट, वजन विचारायचं नाही. पुण्यात असताना या गृहस्थांनी चमच्यात लिंबू धरूनसुद्धा कधी धाव घेतली नव्हती. आणि इथे वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते अमेरिकन फुटबॉल खेळतात! ज्यात फूट फारसा लागत नाही, चेंडू गोल नसतो आणि दर मिनिटाला वीस-बावीस माणसं एकमेकांवर धान्याच्या पोत्यांसारखी पडतात, तो खेळ.

मी मोजणी खात्यात चौतीस वर्षं भूकरमापक होतो. कुठलीही गोष्ट दिसली की तिची हद्द कुठे, वर कोण आणि खाली कोण हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. खेळाची ही माहिती नात इरा हिने दिली. वय वर्षं नऊ. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमधून येतं. तिने नाश्त्याच्या वेळी कागदावर एक शिडी काढली. सगळ्यात वर पहिली लीग, मग दुसरी, मग रेगिओनाललिगा, ओबरलिगा, लांडेसलिगा आणि सगळ्यात खाली बेत्सिर्क्सलिगा.

"आणि पप्पा कुठे?"

"हिअर," म्हणत तिने खालून दुसऱ्या पायरीवर बोट ठेवलं.

मला आनंद झाला. कलेक्टर, प्रांत, तहसीलदार, नायब तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी. म्हणजे आमचे जावई मंडळ अधिकारी. शिवाय इथे दरवर्षी प्रत्येक पायरीवरचा पहिला वर चढतो आणि शेवटचा खाली उतरतो. आमच्याकडे ही पद्धत असती तर कचेऱ्यांमध्ये लोक दहाच्या आत आले असते.

यांचा कोच डेव्ह हा खराखुरा अमेरिकन. तरुणपणी सैन्याबरोबर जर्मनीत आला, इथल्या मुलीशी लग्न केलं आणि राहिला. त्याला ही शिडी अजून पटलेली नाही. त्याच्या देशात मुलं शाळेत खेळतात, त्यातली थोडी कॉलेजात खेळतात, त्यातली मूठभर पुढे पैसे घेऊन खेळतात. बाकीचे जन्मभर शाळेतल्या मॅचच्या गोष्टी सांगतात. तिथे माणसं गळतात, संघ गळत नाहीत. वरचा संघ सगळ्या मॅच हरला तरी वरच राहतो. उलट जो सगळ्यात शेवटी आला, त्याला पुढच्या वर्षी नवे खेळाडू निवडण्याचा पहिला मान.

"म्हणजे नापासाला पहिला बाक?" मी माझ्या इंग्रजीत विचारलं.

"एग्झॅक्टली! आणि हे लोक म्हणतात आम्ही क्रूर," डेव्ह म्हणाला.

जर्मनांनी खेळ अमेरिकेचा घेतला आणि फाईल आपली लावली, एवढं माझ्या लक्षात आलं.

सप्टेंबरात एका रविवारी आम्ही सासरे-जावई जंगलात फिरायला गेलो. इथे रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा अख्खं गाव जंगलात जातं आणि एकमेकांना हॅलो म्हणतं. त्या दिवशी सौरभराव कुणालाच हॅलो म्हणत नव्हते. संघ तळाला होता आणि एकच मॅच उरली होती. समोरचे कार्ल्सरूहेच्या बाजूचे, तेही तळालाच. जो हरेल तो बेत्सिर्क्सलिगात.

"एक पायरी खाली गेलात, त्यात काय एवढं? पुढच्या वर्षी चढाल," मी म्हणालो.

"बाबा, खाली नऊ-नऊ जण खेळतात. लहान क्लबांकडे अकरा माणसं जमत नाहीत म्हणून."

"मग?"

"मग समोरच्यांना रेटणाऱ्या लाइनीतली दोन माणसं कमी होतात. दोन्ही टोकांची. मी उजव्या टोकाला असतो."

थोडं चालल्यावर तेच म्हणाले, "शाळेत टीम पाडताना मी शेवटी उरायचो. दोन्ही कॅप्टन म्हणायचे, तू घे, तू घे. इथे पहिल्या दिवशी डेव्हने मला पाहिलं आणि म्हणाला, इतके दिवस कुठे होतास? आयुष्यात असं मला कोणी म्हटलं नव्हतं."

सासऱ्यासमोर जावई असं बोलत नसतो, आणि बोलला तर काय उत्तर द्यायचं हे आपल्याकडे कोणी शिकवत नाही. मी म्हणालो, "पायाखाली बघा, मुळं आहेत."

मॅचच्या दिवशी आम्ही दोन तास आधी मैदानावर. जर्मनीत क्लबाला फेराइन म्हणतात (म्हणजे वर्गणीही द्यायची आणि कामही करायचं, अशी संस्था). कोणी गेट सांभाळतं, कोणी सॉसेज भाजतं, प्रत्येक घरातून विक्रीला एक केक येतो. मुक्ताने कोथिंबीरवडी नेली होती. 'ग्र्युनर कूखन', म्हणजे हिरवा केक, असं नाव लावून तिने ती वीस मिनिटांत संपवली. सुरुवातीला एका आजोबांनी तिच्यावर व्हॅनिला सॉस मागितला, पण नंतर ते दुसऱ्यांदा आले ते नुसती वडी घ्यायलाच.

मी खुर्ची शोधत होतो, तेवढ्यात गेरलिंडबाई आल्या. सत्तरीच्या, पोस्टातून निवृत्त, आवाज मात्र अजून खिडकीवरचा. मैदानाकाठी मोजणीची साखळी धरणाऱ्या मंडळींच्या त्या प्रमुख. त्यांच्यातल्या एकाची कंबर सकाळीच धरली होती आणि साखळीवर माणसं पुरी नसली तर पंच मॅच सुरू करत नाहीत.

"तुमच्या मुलीने सांगितलं, तुम्ही साखळीचं काम केलंय," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

"चौतीस वर्षं."

"गेनाऊ," त्या म्हणाल्या (म्हणजे 'अगदी बरोब्बर', हा शब्द इथे दर तिसऱ्या वाक्याला लागतो). एक पिवळी बंडी माझ्या डोक्यातून घालून त्यांनी नियम सांगितला: साखळीवरच्या माणसाने ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही. आपला संघ कुठला हे बंडी घातल्यापासून विसरायचं.

खेळ असा, की चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू दुसऱ्यांना. ते दहा यार्ड मोजायला दोन खांब आणि मध्ये साखळी. मी ती हातात घेतली आणि खरं सांगतो, सुखावलो. आमची साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा सारख्या भागांची. तेहतीस गुणिले तेहतीस केलं की एक गुंठा. ही दहा यार्डांची, म्हणजे तीस फुटांची. तीन फूट कमी, पण जात तीच.

मॅचचं वर्णन मला जमणार नाही. शिट्टी, ढीग, शिट्टी, ढीग. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आमचे चार गुणांनी मागे होते, चेंडू आमच्याकडे होता आणि चौथा प्रयत्न होता. सौरभरावांनी समोरच्या दांडग्याला छातीने असा मागे रेटला की त्यांच्या पाठीमागून चेंडूवाला निसटला आणि पडला तो जवळजवळ खुणेवरच. जवळजवळ! मुख्य पंचांनी साखळी बोलावली.

आम्ही आत गेलो. मागच्या खांबावर एकजण, मध्ये गेरलिंडबाई, पुढच्या खांबावर मी. पंचांनी मला खूण केली, ताणा.

आणि मला दिसलं. माझ्यापासून हातभर अंतरावर दोन कड्या एकमेकींवर चढून अडकल्या होत्या. साखळी तेवढी आखूड झाली होती. खांब तसाच टेकवला असता तर चेंडूचं टोक त्याला लागलं असतं आणि चेंडू आमच्याकडेच राहिला असता.

मी विचार केला नाही, हे शपथेवर सांगतो. विचार केला असता तर काय केलं असतं, हे मात्र शपथेवर सांगता येत नाही. मोजणीला उभं राहिलं की साखळीला आधी झटका द्यायचा, हे माझ्या मनगटात मुरलेलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. झटका बसला, कड्या सुटल्या, खांब पुढे सरकला. चेंडूचं टोक आणि माझा खांब यांच्यात चार बोटं अंतर राहिलं.

पंचांनी हात करून चेंडू पाहुण्यांना दिला. सौरभराव तिथेच गुडघ्यावर बसले होते. त्यांनी आधी साखळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गेनाऊ," गेरलिंडबाई हळूच म्हणाल्या. क्लबात चाळीस वर्षं घालवलेली बाई, डोळ्यांत पाणी, पण म्हणाल्या.

मॅच हरलो. शिडीवरून घसरण्याच्या कामी घरचाच माणूस आला होता, आणि त्यासाठी मी साताऱ्याहून खास व्हिसा काढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. सौरभरावांनी चहा ठेवला होता.

"कडी अडकली होती ना, बाबा?"

"हो."

"मला दिसली होती," ते म्हणाले. "तुम्ही सोडवायच्या आधीच. मनात म्हटलं, कुणाला नाही दिसली तर बरं."

मी त्यांना माझ्या मेहुण्याची गोष्ट सांगितली. सख्ख्या मेहुण्याच्या शेताची मोजणी माझ्याकडे आली आणि बांधावरचं आंब्याचं झाड शेजाऱ्याकडे गेलं. त्यानंतर अकरा वर्षं मेहुणा आमच्या घरी पाणी प्यायला नाही.

सौरभरावांनी दोन कप भरले, एक माझ्यापुढे सरकवला आणि दुसरा स्वतःच्या तोंडाला लावला. "मी चहा तर घेतोय," ते म्हणाले. पण हसले नाहीत. पुढचे पंधरा दिवस, मी परत निघेपर्यंत, घरात फुटबॉल हा शब्द कोणी काढला नाही. विमानतळावर त्यांनी वाकून नमस्कार केला तेव्हा कान बरा झालेला दिसला आणि मला ते पाहून वाईट वाटलं.

साताऱ्यात लोकांनी विचारलं, जर्मनी कशी आहे? मी म्हणालो, स्वच्छ आहे. आणखी काय सांगणार? की चौतीस वर्षांत हजार बांध मोजले, कुणाच्या शिव्यांनी झोप उडाली नाही, आणि चार बोटांनी उडाली?

एप्रिलमध्ये तिकडे नवा मोसम सुरू झाला. मुक्ताने फोनवर एक छोटा व्हिडिओ पाठवला. मैदानात नऊ-नऊ माणसं. लाइनीच्या उजव्या टोकाला कोणी नाही. मग कॅमेरा काठाकडे वळला. तिथे पिवळी बंडी पोटावर ताणून बसलेले आमचे सौरभराव, हातात पुढचा खांब. पंचांनी बोलावलं तशी साखळी आत गेली. समोर यांचाच संघ होता, यांचाच चेंडू होता. ताणायच्या आधी सौरभरावांनी साखळीकडे नीट पाहिलं आणि मनगटाने एक झटका दिला.

व्हिडिओ तिथेच संपला. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. मोजणीत काय निघालं, ते मुक्ताला अजून विचारलेलं नाही.