चिपचं माहेर

आमच्या कामातली चिप जन्मतः काही शिकून आलेली नसते. वीज आली की ती शेजारच्या फ्लॅश मेमरीतून आपली रचना वाचून घेते आणि त्याप्रमाणे वागू लागते. वीज गेली की सगळं विसरते. घाटावरच्या गावांतल्या पाण्याच्या पंपांवर, लोखंडी पेटीत, अशी एकेक चिप बसवलेली आहे. तिला नवी रचना पाठवण्याचं काम मी मुलुंडच्या घरातून, जेवणाच्या टेबलावर बसून करते. मोबाइल नेटवर्कवरून ती तुकड्यातुकड्यांनी जाते, फ्लॅशमध्ये लिहिली जाते, मग चिप पुन्हा सुरू करायची.

मधेच वीज गेली किंवा एखादा तुकडा चुकला, तर चिप ती रचना नाकारते आणि फ्लॅशच्या अगदी सुरुवातीला ठेवलेली मूळ प्रत वाचते. या प्रतीत पंप चालवण्याइतकं शहाणपण नसतं. मी इथे आहे, पुन्हा पाठवा, एवढं सांगण्यापुरतं असतं. तिला हात लावायचा नाही असा नियम होता. टीममध्ये तिला माहेर म्हणतात. शब्द माझ्या नवऱ्याचा. अंधेरीच्या ऑफिसात आम्ही शेजारी बसायचो, आणि ती प्रत त्यानेच लिहिली होती.

"नांदली नाही की माहेरी, असं का? चिप बाईच का रे?" मी विचारलं होतं.

"स्त्रीलिंगी आहे गं. व्याकरण मी नाही केलं."

माहेरी परतलेली चिप विचारल्यावर एक आकडा सांगायची. तो त्याने सातशे तीन ठेवला होता, आमच्या फ्लॅटचा नंबर. चुकलेल्या मुलाला घरचा पत्ता सांगता आला पाहिजे, म्हणाला. बाकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

तो जाऊन सव्वा वर्ष झालं. वॉचमन इंटरकॉमवर अजून "सातशे तीन?" असंच विचारतो. मी हो म्हणते.

यंदा ठरलं की माहेरही बदलायचं. कारण रास्त होतं. जुनी प्रत कुणालाही उत्तर देते, कुणीही पाठवलेली रचना घेते. नव्या प्रतीने आधी विचारणाऱ्याची खूण तपासायची आणि अनोळखी असेल तर गप्प राहायचं. एकेका पंपावरची मूळ प्रत मी पुसत गेले. शेवटचा पंप राहिला, आणि टीमच्या यादीत त्याच्यासमोर मी रोज 'नेटवर्क कमजोर' लिहू लागले. दुपारी पंप बंद असतो तेव्हा चिपला मुद्दाम माहेरी धाडायचे, आकडा विचारायचे, उत्तर आलं की तिला पुन्हा कामाला लावायचे. त्या गावाचं पाणी मी एका आकड्यासाठी उघड्यावर ठेवलं होतं, हे मला कळत होतं.

नवव्या दिवशी सहकाऱ्याचा फोन आला. साइटवर जाणारा तोच, मालवणकडचा, नवऱ्याचा जुना दोस्त.

"वैनी, नेटवर्क कमजोर म्हणून किती दिवस लिहिणार? त्या पंपाच्या डोक्यावर टॉवर आसा. त्याच्या सावलीत बसून डबा खाल्लाय मी."

मी यादीतली ती ओळ पुन्हा उघडली.

"प्रत हवी तर काढून ठेवा ना."

"आहे. फाइल आहे माझ्याकडे."

"मग?"

"फाइल उत्तर देत नाही."

तो म्हणाला, "मी करू काय इथून? तुम्ही चहा ठेवा तोवर."

"नको. मीच करते."

शब्द आणि माणूस यांतला फरक कळण्याइतकी पुस्तकं मी वाचली आहेत. त्या पेटीत तो नव्हता. पण त्याने एकदा ठरवलेलं उत्तर दर वेळी नव्याने येत होतं, आणि घरात दुसरं कुणी उत्तर देणारं नव्हतं.

दुपारी दोनला पुसायला घेतलं. पुसलेल्या फ्लॅशमध्ये शून्यं नसतात, सगळीकडे एक असतो. पुसल्यापासून नवी प्रत लिहून होईपर्यंत चिपला परत जायला जागा नसते. तेवढा वेळ मी खुर्चीतून हलले नाही. लिहून झालं, परत वाचून पाहिलं, जुळलं.

तपासणीच्या यादीतली शेवटची ओळ अशी आहे: जुन्या पद्धतीने विचारल्यास उत्तर येऊ नये. मी चिपला नव्या माहेरी धाडलं आणि जुन्या पद्धतीने विचारलं. दहा सेकंद थांबायचं असतं. मी बरीच जास्त थांबले. वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी.

यादीत लिहिलं: उत्तर नाही. ठीक.