ताजिकिस्तानातला समेट

ताजिकिस्तानातलं यादवी युद्ध सत्त्याण्णव साली संपलं आणि पुढच्याच वर्षी मी ते बहारीनमध्ये पुन्हा सुरू केलं.

आमच्या मीनलच्या शाळेत आशियाई देशांचं प्रदर्शन होतं. चिठ्ठ्या टाकल्या आणि तिच्या वाट्याला ताजिकिस्तान आला. प्रदर्शनाचे मार्क वार्षिक परीक्षेत धरणार होते, आणि भूगोलात तिचा पाय आधीच खोलात होता.

"बाबा, जस्ट अ चार्ट, प्लीज," ती म्हणाली.

चार्ट? ज्या माणसाने चिपळूणच्या गणपतीत हलते देखावे केले, त्याने चार्ट करायचा? (एका देखाव्यात वामनाऐवजी बळीराजानेच पाय उचलला होता, पण ते गावातलं राजकारण होतं.)

माहूज भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये नवराष्ट्राची उभारणी सुरू झाली. देश स्वतंत्र होतो न होतो तोच आपसात लढला, मग सरकार आणि विरोधक एकत्र आले, आता कापूस आणि अ‍ॅल्युमिनियमवर सावरतोय, एवढं मी वाचलं होतं. कापूस हिच्या उशीतून काढला. अ‍ॅल्युमिनियमसाठी फॉइलचा अख्खा रोल डोंगरांना गुंडाळला. मीनलच्या दोन जुन्या बाहुल्यांना मिशा चिकटवून एक सरकार केलं, एक विरोधक. दोघांनी सतत हस्तांदोलन करावं म्हणून शेजारच्या सावंताने गॅरेजमधून गाडीच्या वायपरची मोटार आणली.

"सावंत, चालेल ना?"

"मफी मुश्किल, काही अडचण नाही, दादा. फक्त बटण हळूवरच ठेवा."

"अहो, पोरगी चार्ट म्हणाली होती," ही रिकामी उशी हातात धरून म्हणाली.

शाळेत हस्तांदोलन सुरेख चाललं होतं. परीक्षक बाई जवळ आल्या. समेट जरा मरगळलेला वाटला, म्हणून मी बटण जोरावर टाकलं.

सरकारचा हात विरोधकाच्या हातावरून निसटला तो थेट गालावर. विरोधकानेही हयगय केली नाही. फटाफट! एक मिशी उडाली. मोटारीच्या दांड्याने कापसाचं पीक ओढून घेतलं, डोंगर कलंडला आणि फॉइल टेबलाभोवती लावलेल्या दिव्यांच्या माळेत शिरली. ठप्प! हॉलमधले दिवे गेले. शेजारच्या टेबलांवरचे जपान आणि कोरिया काही कारण नसताना अंधारात बसले.

"व्हॉट इज धिस?" बाईंचा आवाज आला.

मी टेबलाखाली होतो. (वायर शोधत होतो, असं मी घरी सांगितलं.)

"मॅम," मीनल शांतपणे म्हणाली, "पीस इज सो डेलिकेट. इफ इट ब्रेक्स, द इकॉनॉमी गोज फर्स्ट."

तिला पहिलं बक्षीस मिळालं. हिने नवी उशी मागितली.

पुढच्या वर्षी युरोप होता. मीनलला स्वित्झर्लंड आला. मी हातोडी शोधायला उठलो, तशी तिने मला खुर्चीत बसवलं आणि प्रथमच स्वच्छ मराठीत म्हणाली,

"बाबा, तिथे कितीतरी वर्षांत युद्ध झालेलं नाही. तुम्ही हात लावू नका."